तांबडा खडू आणि तळपायाची रेघ

मानिक चौकात साडीच्या दुकानात किंवा भाजीवालीपाशी अजूनही कधी कधी असं होतं. पन्नाशीची एखादी बाई माझ्याकडे निरखून बघते, हातातली पिशवी खाली ठेवते आणि भर गर्दीत वाकून पायाचे अंगठे धरून दाखवते. "मैडम, अब भी छू लेती हूँ." मी म्हणते, "घुटना मुड़ रहा है, चोर कहीं की." मग आम्ही दोघी हसतो आणि दुकानदार आमच्याकडे बघत राहतो. बाईचं नाव बहुतेक वेळा आठवत नाही. पाय मात्र आठवतात. कुणाची पोटरी दगडासारखी होती, कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा आखडलेला होता, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

झाशीच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलींच्या एका शाळेत मी व्यायामशिक्षिका होते. माझं माहेर झाशीतलंच. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. आमचे हे मात्र भुसावळचे, रेल्वेच्या नोकरीमुळे इथे आलेले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "तुझं मराठी पुण्याहून निघालं आणि वाटेत ग्वाल्हेरला हिंदीत बसलं." माझी आजी चुलीजवळच्या ओट्याला जे शब्द वापरायची ते ह्यांनी भुसावळात कधी ऐकले नव्हते, आणि मी रागावले की 'अरे भैया' म्हणून सुरुवात करायची याची त्यांना फार गंमत वाटायची. आमचा मुलगा आम्हा दोघांनाही हिंदीतच उत्तर देतो, त्यामुळे हा वाद आता मिटल्यातच जमा आहे.

व्यायामशिक्षिका म्हणजे शिट्टी, असं बाकीच्या शिक्षिकांना वाटायचं. गणिताच्या बाईंना पोर्शन संपवायचा असला की त्या हक्कानं माझा तास मागून घेत. मला मात्र मुलींना पळवायचं होतं. वसाहतीतल्या मुली काटक होत्या. खलाशांच्या, म्हणजे रेल्वे शेडमधल्या मदतनिसांच्या, आणि गँगमनच्या मुली पाणी भरून, लाकूड वाहून शाळेत यायच्या. पळायला लागल्या की बघत राहावं. फक्त दर हंगामात तीनचार जणी लंगडत घरी जायच्या. मांडीमागची शीर भरली, घोटा मुरगळला, गुडघा सुजला. मला वाटायचं, हे आधी ओळखता आलं पाहिजे.

कसं ओळखायचं ते मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मुलीला जमिनीवर पाय लांब करून बसवायचं, तळवे एका खोक्याला टेकवायचे, गुडघे ताठ. मग तिनं दोन्ही हात पुढे सरकवायचे. खोक्यावर तळपायाच्या रेषेत एक रेघ असते. बोटं रेघेच्या पुढे गेली तर मांडीमागचे स्नायू मोकळे, अलीकडे राहिली तर आखडलेले. आखडलेल्या पायाला दुखापतीचा धोका जास्त, असं पुस्तकात एका ओळीत दिलं होतं. ती ओळ मी पाठ केली होती. पुस्तकात त्याच्या खालीही काही ओळी असणार, त्या मी वाचल्या नाहीत.

शाळेत तसलं खोकं कुठून येणार? ह्यांनी यार्डातल्या एका सुताराकडून जुन्या वॅगनच्या फळ्यांचं करून आणलं. इतकं जड की दोन मुलींनी उचलावं. त्यावर ह्यांनी स्वतः तांबड्या रंगानं रेघ मारली आणि पुढेमागे बोटाबोटाच्या खुणा केल्या. चाळीस टन माल वाहिलेलं लाकूड आहे, असं ते कौतुकानं सगळ्यांना सांगत. ते कौतुक खरं म्हणजे माझं होतं, पण ह्यांना तसं थेट बोलता येत नसे.

आता ह्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण माझी चूक तिथूनच आली. हे ट्रेन एक्झामिनर होते. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन तिच्या कडेनं चालत जायचं, चाकांवर ठोके द्यायचे, आवाज ऐकायचा, स्प्रिंगा बघायच्या. एखादी वॅगन बिघडलेली वाटली की तिच्यावर जाड खडूनं 'सिक' असं लिहायचं. ती वॅगन मग गाडीतून कापून दुरुस्तीच्या रुळावर नेतात. त्या रुळाला सिक लाइन म्हणतात. मोठमोठे साहेब आले तरी त्या खडूपुढे काही चालत नाही. लग्न झाल्यावर मी एकदा ह्यांना डबा द्यायला यार्डात गेले होते, तेव्हा त्यांनी एका वॅगनवर लिहिलं आणि अख्खी मालगाडी थांबली. मला त्या खडूचा फार हेवा वाटला होता.

तर मी ह्यांच्याकडून एक तांबडा खडू मागून घेतला. दर शनिवारी खोक्यावर मोजणी. जिची बोटं रेघेपर्यंत पोचली नाहीत तिच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटावर तांबडी फुली. ती मुलगी 'सिक'. तिनं पळायचं नाही, कडुलिंबाखाली बसून पाय ताणायचे. वॅगनचा खडू तो, धुतला तरी आठवडाभर पुसट दिसायचाच. मुली सुरुवातीला हसल्या, मुख्याध्यापिकाबाईंनी शाबासकी दिली, आणि मी ह्यांच्यासारखी पाठीमागे हात बांधून रांगेच्या कडेनं चालायला लागले.

पुष्पा नावाची एक मुलगी होती. तिची बोटं रेघेच्या पुढे वीतभर जायची. पाय उचलून मानेमागे ठेवायची आणि वर विचारायची, "और कुछ, मैडम?" ती माझ्या दृष्टीनं वर्गातली सगळ्यात धडधाकट मुलगी. तिच्या बुटाला कधी खडू लागला नाही. आणि तीच दर दोन महिन्यांनी घोटा मुरगळून घ्यायची. तिचे सांधेच सैल होते. तिला ताणायची नाही, बळ वाढवायची गरज होती. पण माझं खोकं फक्त आखडलेलं ओळखायचं, सैल ओळखत नव्हतं. मी म्हणायचे, पुष्पा बेफिकीर आहे, बघून पाय टाकत नाही. बिचारी दरवेळी लंगडत येऊन माझी बोलणी खायची.

आणि किशोरी. तिचे वडील शेडमध्ये खलाशी होते, मूळचे जवळच्या एरच गावचे. सावळी, उंच, कमी बोलणारी. ती हर्डल्स धावायची, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. आठवीत असताना पहिल्यांदा तिला अडथळ्यावरून जाताना पाहिलं तेव्हा मी शिट्टी वाजवायची विसरले. उडी मारल्यासारखं दिसतच नव्हतं, वाटेत उंबरठा आला म्हणून पाय जरा वर उचलला इतकंच. तेव्हा तिची बोटं रेघेच्या चार बोटं पुढे जायची.

ती नववीत गेली त्या वर्षी प्रांताच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी झाशीत व्हायची होती. निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिकडे. किशोरीच्या वडिलांनी मला सरळच सांगितलं होतं. "मैडम, हॉस्टल मिल गया तो पढ़ेगी. नहीं तो दसवीं के बाद एरच भेज देंगे. इसकी दादी ने लड़का देख रखा है." वाईट माणूस नव्हता तो. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं तो बोलत होता.

मी वर्गात जाहीर केलं की ज्यांच्या बुटावर फुली असेल त्यांचं नाव चाचणीला जाणार नाही. जखमी मुली पाठवून शाळेची शोभा करायची नव्हती मला. नियम सगळ्यांना सारखा, असंही म्हणाले. हे वाक्य मला फार आवडायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी मोजणी झाली. किशोरीची बोटं रेघेच्या चार बोटं अलीकडे थांबली. मी म्हटलं, "सुट्टीत काय केलंस गं? खाटेवर पडून आंबे खाल्लेस?" तिची सलवार घोट्याच्या वर आली होती, हे मला दिसत होतं. आईनं आखूड शिवली असेल असं वाटलं. मी तिच्या बुटावर फुली मारली. तिनं ती फुली बघितली, मग वर माझ्याकडे बघितलं, आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली.

पुढच्या शनिवारी कपाटातला खडू गायब. मी साऱ्या वर्गाला उभं केलं, मॉनिटरला झापलं, कुणी कबूल होईना म्हणून सगळ्यांना मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. घरून दुसरा खडू आणला. तोही गेला. तिसरा, चौथा, पाचवाही तसेच गेले. हे म्हणाले, "तुझ्या शाळेत एवढ्या गाड्या सिक होतात? मग इथलं यार्ड बंद करून तिकडेच नेऊ या." मी हसले नाही. शिस्तीचा प्रश्न होता.

पण किशोरीत फरक पडत होता. दर शनिवारी बोटभर पुढे. शेवटच्या मोजणीला तिनं दात आवळून हात सरकवले आणि मधली बोटं बरोब्बर रेघेला टेकली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. "देखो, मेहनत इसे कहते हैं." तिचं नाव यादीत घातलं. ती उठताना एका कुल्ल्यावर हात ठेवून उठली, हे मी बघितलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं.

चाचणीच्या दिवशी छान ऊन पडलं होतं. किशोरीनं पहिला अडथळा पार केला, दुसरा केला. तिसऱ्यावर तिचा पुढचा पाय वर गेला आणि मला सुक्या काटकीसारखा आवाज ऐकू आला. लोक म्हणतात एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही. मला आला. ती पडली नाही. अडथळ्याच्या पलीकडे उतरली, दोन पावलं चालली आणि हळूच खाली बसली, जणू कुणी बस म्हटलं म्हणून.

हाडांचे डॉक्टर बंगाली होते, म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. आपण ज्या हाडांवर बसतो तिथून एक लहानसा तुकडा सुटून बाजूला गेला होता. ते म्हणाले, "इस उमर में हड्डी पहले बढ़ती है, मांस पीछे-पीछे आता है. लड़की इस साल कितनी बढ़ी है, आपने नापा?"

मी सगळं मोजलं होतं. उंची तेवढी मोजली नव्हती.

"तो पैर तना हुआ लगेगा ही. यह बीमारी नहीं है, मैडम. कुछ महीने में मांस अपने आप पहुँच जाता है. मगर तब तक जहाँ मांस हड्डी को पकड़ता है, वह जगह कच्ची रहती है. रस्सी छोटी नहीं थी, खूँटा कच्चा था. इसको किसने खींचा है?"

किशोरीची आई दाराशी उभी होती. पदर तोंडात धरून म्हणाली, "हमने. रोज भुनसारे ईकी पीठ पै बैठत ते. जा कैत ती, बाई, तनक और दाबो, मैडम की रेखा लौं पोंचनै है." म्हणजे रोज पहाटे आई तिच्या पाठीवर बसायची, आणि तीच आईला आणखी दाबायला सांगायची. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "मैडम कौ कछू दोष नईंयाँ." ते ऐकून मला तिथे उभं राहवेना.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाले, "आम्ही वॅगनवर सिक लिहितो ना, तेव्हा तिला ते वाचता येत नाही." एवढंच बोलले आणि चहा करायला उठले. लग्नानंतर त्यांनी केलेला तो पहिला चहा. साखर घालायला विसरले होते, तरी मी तो सगळा प्याले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं किशोरीच्या घरी गेलो. तिचे वडील ह्यांना बघून उभेच राहिले, साहेब घरी आले म्हणून. हे खाटेवर बसले आणि म्हणाले, "भैया, एरचवालों से कहो, दो-तीन साल रुकें. लड़की बारहवीं करेगी. फीस की बात हम मैडम से समझ लेंगे." मला आयुष्यात ह्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी किशोरीची माफी मागायचं ठरवून गेले होते, पण तिच्या आईनं शिरा केला होता, शेजारणी जमल्या होत्या, आणि मी नुसती किशोरीच्या डोक्यावर हात ठेवून परत आले.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. खोकं राहिलं, खडू बंद झाला. सामानाच्या खोलीच्या दारावर मी मुलींची उंची लिहायला लागले, दर महिन्याला. जी भराभर वाढतेय तिला कुणी दाबायचं नाही, स्वतःही जोरानं ताणायचं नाही, उड्या कमी करायच्या आणि वाट बघायची. पाय ताणायचे ते पळून अंग गरम झाल्यावर, हिसके न देता, श्वास सोडत. दोन पायांतला फरक बघायचा. पुष्पासारखी सैल सांध्यांची असेल तर तिला भिंतीला धरून एका पायावर उभं करायचं, पोटऱ्या मजबूत करायच्या. वाढत्या मुलींना मी 'लूप लाइन' म्हणायला लागले. म्हणजे बाजूच्या रुळावर थांबलेली गाडी, तिच्यात काही बिघाड नसतो, मागून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं असतं. मुलींना हा शब्द आवडला. एक जण तर घरी जाऊन, मी लूप लाइनमध्ये आहे, भांडी घासणार नाही, असं सांगून आली. दुखापती बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. पण त्यातल्या माझ्या हातून होणाऱ्या तरी कमी झाल्या.

किशोरी चारेक महिन्यांनी नीट चालायला लागली. वसतिगृहाचं वय निघून गेलं. अकरावीत ती परत मैदानावर आली, अडथळे नाही, साधी दोनशे मीटर. शाळेच्या स्पर्धेत तिसरी आली. मी रुमालात तोंड घालून रडले आणि मुलींना सांगितलं की धूळ गेली. पुढे ती शिकली, स्वतः व्यायामशिक्षिका झाली आणि समथरला नोकरीला लागली. तिथलाच नवरा केला, तिनं स्वतः बघून. दिवाळीला यायची, पाया पडायची, मुलांची खुशाली सांगायची. त्या पायाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं ते खोकं मला देऊन टाकलं. कुणाला त्याचा उपयोग माहीत नव्हता, आणि फेकायला फार जड होतं. आता ते आमच्या व्हरांड्यात आहे, आल्यागेल्याला बसायला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत किशोरी समथरहून बसनं आली. पिशवीतून बिस्किटांचा एक जुना, गंजलेला डबा काढून तिनं माझ्या हातात दिला. मला वाटलं अनारसे. उघडून बघितलं तर आत तांबडे खडू. तीन अख्खे, दोन तुकडे.

"आपके हैं," ती म्हणाली. "बहुत साल से लौटाना था. मुझे लगता था, चॉक ही नहीं रहेगी तो मैं सिक नहीं होऊँगी."

आतून ह्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राचा आवाज थांबला. मला त्या पाच फेऱ्या आठवल्या. ती सुद्धा धावली होती त्या, तसल्या पायानं, बाकीच्यांबरोबर.

मी म्हटलं, "बता देती मुझे. दर्द होता था तो एक बार कह देती."

तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, एक शिक्षिका दुसरीला कामातली गोष्ट सांगते तसं ती म्हणाली, "आप नापती थीं, मैडम. पूछती नहीं थीं."

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मी डबा मांडीवर घेऊन बसले. मग माझ्या लक्षात आलं की आल्यापासून ती त्या खोक्यावर बसली आहे, आणि सगळं वजन एका बाजूला घेऊन, डावीकडचा कुल्ला जरासा उचलून. दर दिवाळीला ती तशीच बसायची. मी ते बघत आले होते.

मी विचारलं, "किशोरी, अब पैर कैसा है?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले तिचे. "सख्त जगह पर बैठूँ तो दुखता है," ती म्हणाली. "जाड़ों में ज़्यादा."

मी तिचा हात धरून तिला त्या खोक्यावरून उठवलं आणि आत नेऊन गादीवर बसवलं.